तुझा आवाज काढून ठेवलाय

विलास, तुझ्या शोकसभेत माइक शिट्टी मारत होता.

रत्नागिरीतला तो हॉल, टेबलावर हार घातलेला तुझा फोटो, आणि स्टेजवर तुला धड न ओळखणारी माणसं. माइक कोणी लावला होता देव जाणे. स्पीकरचा बॉक्स थेट माइकच्या तोंडासमोर ठेवलेला. मग शिट्टी मारणार नाय तर काय करणार? बोलणारे गृहस्थ प्रत्येक शिट्टीला दचकायचे आणि परत सुरू व्हायचे. म्हणाले, विलासने आयुष्यभर सिनेमाची साधना केली. म्हणाले, धंदेवाईक कामाला त्याने कधी हात लावला नाही.

मी उठायला लागलो, तर बाजूला बसलेल्या बाबूने माझा सदरा धरून खाली ओढलं. एसटीत कंडक्टर होता, माणसाला बसवायची त्याला सवय आहे. पण मला सांग, मी का उठू नये? लांज्यापासून इकडे सड्यापर्यंत असं घर दाखव, ज्याच्या कपाटात तू काढलेली लग्नाची कॅसेट नाय. कॅसेट नाय तर सीडी, सीडी नाय तर पेनड्राइव्ह. अर्ध्या तालुक्याला तू हळद लागताना बघितलंस. आणि हा बाबा सांगतो, धंदेवाईक कामाला हात लावला नाही.

मग त्यांनी पुकारलं, विलासचे सहकारी, ज्येष्ठ ध्वनिसंयोजक दोन शब्द बोलतील. एवढा मोठा माणूस कोण आलाय म्हणून मी मागे वळून बघितलं. बाबूने ढोसलं तेव्हा कळलं, तो मीच.

स्टेजवर गेलो. बॉक्स उचलला, माणसांकडे फिरवला, माइक दोन पावलं मागे घेतला. शिट्टी बंद झाली. आणि खाली येऊन बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. गहिवरलो बिवरलो नव्हतो, चिडलो होतो. मला जे बोलायचं होतं ते त्या हॉलशी नव्हतंच, तुझ्याशी होतं. म्हणून हे लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर माझं आहे, शुद्धलेखन आपल्या संकलनवाल्या मृणालने नीट केलंय. शब्द बदलायचे नाहीत असं तिला बजावलंय.

आपली पहिली गाठ पडली ती भांडणातच. माझा मंडप, माझा भोंगा, माझा जनरेटर. आणि तू तुझा तो दिवा न विचारता माझ्या वायरीला जोडलास. लग्न लागायला आणि फ्यूज उडायला एकच गाठ. भटजी नुसतेच तोंड हलवताहेत, नवरीचा मामा माझ्या अंगावर धावून आलेला, आणि तू, नुकतं मिसरूड फुटलेला, खांद्यावर टीव्हीएवढा कॅमेरा घेऊन त्या मामाला सांगतोयस, "मामा, जरा मान वर. हां. हलायचं नाय."

आणि मामा थांबला की रे. शिव्या तोंडात तशाच ठेवून मान वर करून उभा राहिला. तू म्हणालास, "झालं." तेव्हा परत माझ्याकडे वळला.

तुझी ती तीनच वाक्यं. मान वर. हलायचं नाय. झालं. मंडपातली माणसं देवाला भ्यायची नाहीत एवढी तुझ्या 'हलायचं नाय'ला भ्यायची. वरमाय, करवल्या, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळे श्वास धरून उभे. तू 'झालं' म्हणालास की एकदम मंडपभर गलका. लग्नाच्या शूटिंगमध्ये आवाज ठेवतच नाहीत, वरून गाणी चढवतात. त्यामुळे कॅमेरा चालू असताना तू बडबडलास काय, गायलास काय, कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं. ती सवय तुझ्या हाडात शिरली. पुढे तिनेच घात केला, ते सांगतो.

पण त्याच्या आधी कॅसेटच्या शेपटाचं सांगितलं पाहिजे. शोकसभेत ते कोणी सांगितलं नाही, कारण त्या कोणाकडे तुझी कॅसेट नाही.

वरात गेली, गाणं संपलं, की बाकीचे शूटिंगवाले पिशवी भरून जेवायला बसतात. तू कॅमेरा परत चालू करायचास. परसवात भांडी घासणाऱ्या बाया. चुलाणापुढे घामाने निथळलेला आचारी. गडग्यावर बसून विडी ओढणारे बँजोवाले. आणि वाशावर चढून भोंगा सोडवणारा मी. वरून गाणं नाय, काही नाय, नुसती माणसं आणि त्यांचं काम. प्रत्येक कॅसेटच्या शेवटी तेवढं शेपूट तू लावायचासच. आमच्या लग्नात उष्टी भांडी कशाला दाखवलीत म्हणून काही घरं तुझ्या दारात भांडायला आली होती. तू त्यांना एकच सांगायचास, "त्यांनीपण लग्न लावलंय."

माझ्या मुलीच्या लग्नात मी नवरीचा बाप होतो आणि मंडपवालाही मीच. फेटा बांधून वाशावर चढलो होतो. तू तेही घेतलंस. पोरगी डोंबिवलीला असते, तिच्या मुलांना दाखवते, हे बघा तुमचे आजोबा. नातवंडं मला त्या फेट्यावरून ओळखतात. हे तुझ्यामुळे. यासाठी मी तुला कधी बरा म्हटलं नाही. आता म्हणतो. बरा होतास.

मग तो मुंबईचा दिवस. आंब्याच्या पेट्या ठोकणाऱ्यांवर आपण केलेली ती पहिली फिल्म. पानावर बसल्यावर वरण यायच्या आत संपेल एवढीच होती, पण मुंबईला कोणाला तरी आवडली आणि आपल्याला बोलावलं. फिल्म संपल्यावर करणाऱ्यांना पुढे उभं केलं आणि प्रत्येकाला विचारलं, तुमची पार्श्वभूमी काय. कोणी म्हणालं, सिनेमाच्या शाळेत शिकलो. कोणी म्हणालं, जाहिरातींत होतो. कोणी परदेशातून आलेलं. तुझी पाळी आली. तू सरळ सांगितलंस, "मी लग्नाचं शूटिंग करतो."

आणि हॉल हसला.

वाईट मनाने नाही हसले ते, हे मी आजही सांगेन. त्यांना वाटलं, माणूस गमतीने बोलतोय. एकाने टाळीसुद्धा दिली. पण मग तूही हसलास. त्यांच्यात मिळून हसलास, आणि ते हसणं काही मला आवडलं नाही.

परतीची गाडी धरली. लांजा स्टँडला उतरलो, चहा घेतला, तेव्हा म्हणालास, "तात्या, यापुढे कोणी विचारलं तर लग्नाचं नाव काढायचं नाय. स्वतंत्र दिग्दर्शक म्हणायचं."

मी विचारलं, स्वतंत्र म्हणजे काय रे? कोणाचा नोकर नाही एवढंच ना? मग मी स्वतंत्र मंडपवाला, आणि तो भजीवाला स्वतंत्र भजीवाला. भजीवाला हसला. तू नाही हसलास. मी म्हटलं, भांडी घासणाऱ्या बायांना कॅसेटीत घेतोस आणि स्वतःच्याच कामाची लाज? तेव्हा तू 'तू'वर आलास. एरवी तात्या तुम्ही, आणि भांडायला लागलास की तात्या तू. म्हणालास, "तात्या, तुला कोणी हसलं नाय ना. तू वर चढतोस, भोंगा बांधतोस, उतरतोस. तुला पुढे उभं करत नाहीत. तुला नाय कळणार."

मला कळत नाही असं तू मला सांगावंस? भोंगा बंद पडला की सगळा मंडप मान वळवून मंडपवाल्याकडे बघतो. पुढे उभं राहणं म्हणजे काय ते मला विचार. हे मी तेव्हा बोललो नाही, कारण वाडीची एसटी फलाटाला लागली होती. आता ऐक.

पुढे ड्रोनवाले आले. नवरा-नवरीला समुद्रावर नेऊन धावायला लावणारे आले. तुझी लग्नं कमी झाली, माझी तर डीजेवाल्यांनी आधीच नेली होती. तुझ्या हाताला काम नाही आणि डोक्यात सिनेमा. या वेळेला मोठा, दोन तासांचा. गोष्ट जयगडच्या काशीकाकीची. लेकाला बंदरात नोकरी लागली, म्हणून तो बापाची होडी विकतो, आणि होडी जायची त्या दिवशी आई जाऊन होडीत बसते. गोष्ट खरी होती. होडीही खरोखरच विकलेली, बुरोंडीचं गिऱ्हाईक ठरलेलं. काकी म्हणाली, माझंच हाय तर मीच करते, दुसरी बाय कशाला आणतास?

आणि करणारे कोण? नवरानवरीला उभं करणारा तू दिग्दर्शक. मंडपवाला मी आवाजाला. बाबू व्यवस्थेला. आणि रंगभूषेला तुझी सुमन, जिचा आयुष्यभर नवरी सजवण्याचा धंदा. प्रत्येक जण आपापला धंदा बरोबर घेऊन आलेला. पहिल्या दिवशी सुमनने काकीला एवढी गोरी केली की शेजारीण विचारायला आली, कोणाकडे साखरपुडा आहे? काकी म्हणाली, "माझ्या तोंडाला पीठ कशाला फासतेस गो? मी मासळी विकते, मला काय घोड्यावर बसवायची हाय?" सुमन हसून हसून खाली बसली आणि सगळं पुसून टाकलं. बाबूला 'स्टार्ट' म्हण म्हटलं तर जीभच वळेना. शेवटी स्टीलचा डबा घेतला. दोन टोले दिले की सुरू, एक टोला दिला की बंद. डबल बेल, सिंगल बेल. तेवढ्याने आपला सिनेमा चालला आणि चांगला चालला. मीही प्रत्येक वेळी 'हॅलो, हॅलो' करूनच माइक लावत होतो, तू चिडवायचास, तात्या, वधूपक्ष आला काय?

हसत होतो रे आपण. ते दिवस चांगले होते. एवढं लिहितो आणि पुढे जातो, कारण पुढचं चांगलं नाही.

होडी न्यायचा दिवस. भरती लागली की बुरोंडीची माणसं होडी घेऊन जाणार होती, त्यामुळे जे काय करायचं ते एकदाच. मी माइक जाळ्याखाली लपवला. काकी होडीच्या काठावर जाऊन बसली. बाबूने दोन टोले दिले. सगळे गप्प. खाडी तेवढी चुबूक चुबूक करत होती, आणि काकीचा श्वास हेडफोनमधून माझ्या कानात ऐकू येत होता. ती खाली बघत बसली. किती वेळ बसली. मला वाटलं रडेल, पण ती रडत नव्हती. फळीला एक शिंपली चिकटली होती, ती नखाने खरवडत होती.

आणि तुझ्या तोंडून निघालं, "काकी, जरा मान वर. हां. हलायचं नाय."

तिने मान वर केली. काय तो चेहरा, विलास. आपण एवढी वर्षं एवढी माणसं बघितली, सासरी जाणाऱ्या पोरी बघितल्या, त्यांचे बाप बघितले. तसा चेहरा मी बघितला नाही.

पण तुझा आवाज माझ्या कानात एवढा मोठा घुसला होता की मी ओरडलो, "मेल्या, तोंड बंद कर." काकी दचकून हसली. बाबूने टोला दिला. तुझं 'झालं' तोंडातच राहिलं. पाणी चढलं होतं, बुरोंडीकरांनी इंजिन चालू केलं, आणि होडी गेली.

मग माझ्या पडवीत ते भांडण. कानाला लावून तू ऐकलंस. म्हणालास, आवाज पुसून टाका. मी सांगितलं, होत नाही. तुझा आवाज आणि खाडीचा आवाज एकात एक आहेत, तुझा ओढला तर खाडी येईल, काकीचा श्वासही येईल. तू म्हणालास, "तुला येत नाय म्हणून होत नाय असं नाय, तात्या." मी म्हटलं, मग ज्याला येतं त्याला आण. तू म्हणालास, आवाज गेलाच पाहिजे. म्हणालास, ते वाक्य कोणीही ऐकलं तर त्याला कळेल, हा लग्नवाला आहे.

"लग्नवालाच आहेस," मी म्हटलं.

तू उठलास. चपला घातल्यास. अंगणातून वळून म्हणालास, "बरं तात्या. तुम्ही म्हणाल तसं."

भांडणात तू मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणालास. परक्या माणसाला म्हणतात तसं. त्या 'तुम्ही'ने मला जेवढं झोंबलं तेवढं तुझ्या सगळ्या 'तू'ने मिळून झोंबलं नव्हतं.

काजू मोहरला होता तेव्हा भांडलो. बिया वेचून, सुकवून, विकून झाल्या तरी तू आला नाहीस. मी का यावं? माझं खोटं नव्हतं. मला येत नव्हतं ते मी होत नाही म्हणालो, माझ्या अकलेप्रमाणे ते खरंच होतं. बाबू दोघांकडे फेऱ्या घालून दमला. म्हणाला, तुमच्यापेक्षा घाटातले पॅसिंजर बरे.

मध्ये एक लग्न लागलं. जुनं घर, त्यांना ड्रोन नको होता. मंडप माझा, शूटिंग तुझं. दिवसभर तू एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. वरात गेली. मी वर चढलो भोंगा सोडवायला, आणि बघतो तर खाली तू कॅमेरा लावून उभा. बोलणं बंद, पण शेपूट चालू. 'मान वर' म्हणाला नाहीस. कामावरच्या माणसाला तू ते कधीच सांगायचा नाहीस, तो जसा असेल तसा घ्यायचास. मी सुतळी सोडत राहिलो, तू काढत राहिलास. मग कॅमेरा पिशवीत घातलास आणि गेलास. मीही उतरलो. तेव्हा एकाने जरी तोंड उघडलं असतं. जाऊ दे.

कारण मग एका दुपारी बाबूचा फोन आला. तुला गाडीत घालून रत्नागिरीला नेत होते, पण हॉस्पिटल काही गाठलं नाहीस. तुला एवढी कसली घाई होती? भांडण अर्धं टाकून जाणारा माणूस मला आवडत नाही, हे तुला माहीत होतं.

तेराव्यानंतर मृणाल आली. आपल्या लांज्याचीच पोर, मुंबईत मालिकांचं संकलन करते, आपलं काम सुटीच्या दिवसांत करत होती. सुमनच्या माजघरात बसून तिने लॅपटॉपवर तो होडीचा भाग लावला. तुझा आवाज आला. सुमन उठली आणि चहा ठेवायला आत गेली. मृणालने विचारलं, "तात्या, हा आवाज काढायचा होता ना?"

मी म्हटलं, काढून बघ. मनात म्हटलं, बघू या कशी काढतेस.

चहाला आधण आलं नव्हतं, तेवढ्यात ती म्हणाली, ऐका. कानाला लावलं. खाडी होती. श्वास होता. नखाने खरवडणंसुद्धा होतं. तू नव्हतास. दात पडल्यावर जीभ जशी त्याच जागी जाते तसा मी पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन ऐकत होतो. जागा भरलेली होती, खळगासुद्धा नव्हता.

एक चहा होईपर्यंतचं काम, विलास. तेवढ्यासाठी आपण एक हंगाम बोललो नाही. मी तिच्यावरच चिडलो. म्हटलं, तुला येत होतं तर त्याला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "मला तर त्यांनी हा भाग पाठवलाच नव्हता. दोनदा मागितला. म्हणाले, आवाजाचं तात्याच बघतील, ते झाल्यावर पाठवतो."

असं का केलंस? माझ्याकडून होत नाही म्हणून शिव्या द्यायच्या, आणि दुसऱ्याकडेही जायचं नाही. माझीच वाट बघत बसायचं. हे कुठलं वागणं? तू दुसऱ्याकडे गेला असतास तर मी तुला कायमचा सोडला असता, हेही खरं. पण तू जगला तरी असतास असं मला उगाच वाटत राहतं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, बाबू मला समजावतो. मला समजतं. तरी वाटतं.

मृणालचं म्हणणं पडलं, आवाज राहू दे, विलासकाकांची आठवण राहील. मी म्हटलं, चूक ती चूक, आठवण म्हणून चूक ठेवायची नसते. पण परिचयात मात्र त्याचा धंदा लिहा, लग्नाचं शूटिंग म्हणून सरळ लिहा, स्टेजवरूनही सांगा. सुमन चहा घेऊन आली. कप खाली ठेवून म्हणाली, "आवाज काढा. आणि लग्नाचं नाव कुठेच नको. ते त्या वेळी मुंबईहून आले तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. तुम्हाला ठाऊक नाय."

मला ठाऊक नव्हतं. तरी मी हटलो नाही. म्हटलं, सुमन, अख्खा तालुका त्याला ओळखतो तो त्याच्यावरूनच. लपवायचं कोणापासून? ती म्हणाली, "तात्या, तुमचं भांडण त्यांच्याशी होतं. ते माझ्याशी पुढे चालवू नका."

दिला शब्द. लग्नाचं नाव काढणार नाही.

म्हणून सिनेमाच्या शेवटी नावं येतात ती अशी. ध्वनी, शांताराम, मंडपवाले. व्यवस्था, बाबू, निवृत्त कंडक्टर. रंगभूषा, सुमन, ब्यूटी पार्लर. प्रमुख भूमिका, काशीबाई, मासळी विक्री. संकलन, मृणाल, मालिका. आणि सगळ्यात वर दिग्दर्शक, विलास. पुढे काही नाही. सगळ्यांच्या हातात आपापलं हत्यार, आणि तू एकटा हात मोकळे सोडून उभा. बघवत नाही मला ते. पण तुझ्या मनासारखं झालं.

फक्त मृणालला एक सांगितलं होतं. काढलेला आवाज फेकू नकोस, मला पेनड्राइव्हवर दे.

मग परवा आपल्या शाळेच्या पटांगणावर सिनेमा लावला. पडदा म्हणजे माझं मंडपाचं पांढरं कापड, दुहेरी शिवून घेतलेलं. अंधार पडायची वाट बघत माणसं बसली होती. सगळी वाडी, लांज्याचे, पलीकडच्या गावातले, पुढे सतरंजीवर काशीकाकी आणि तिचा लेक. गलका एवढा की बाजूचा काय बोलतो ते कळेना. कोणी पोरांना हाका मारतंय, कोणी चणे वाटतंय. बाबू आला आणि म्हणाला, तात्या, टेस्ट करून घे, लोक कंटाळले.

सगळी हयात मी 'हॅलो, हॅलो' करूनच टेस्ट केलं. त्या दिवशी मशीनला पेनड्राइव्ह लावला.

दोन्ही भोंग्यांतून तू आलास. "काकी, जरा मान वर. हां. हलायचं नाय."

विलास, पटांगण गप्प झालं. आणि नुसतं गप्प नाही झालं. बायकांचे हात पदराकडे गेले. पुरुषांनी सदऱ्याची बटणं लावली. नमा वाण्याने पोट आत घेतलं. ज्यांचे संसार तू उभे केलेस ती जोडपी, आता पिकलेली, सतरंजीवर बसल्या बसल्या एकमेकांना चिकटली. काकीने मान वर केली, होडीत केली होती तशीच. सगळ्यांनी माना वर केल्या. ज्यांची लग्नं तुझ्या नंतर ड्रोनवाल्यांनी काढली ती पोरं आईबापाकडे बघत राहिली, यांना काय झालं म्हणून. मागे खुर्चीवर सुमन बसली होती. तिने पदर नीट केला, बांगड्या मागे सारल्या आणि समोर बघितलं. आणि शोकसभेतल्या त्या गृहस्थांनाही बोलावलं होतं, ते इकडेतिकडे बघत होते. त्यांना काही कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं.

मी लग्नाचं नाव काढलं नाही. सुमनला दिलेला शब्द पाळला. मी फक्त भोंगा टेस्ट केला.

पण मग कोणी हलेना. मला आधी कळेना का. पोरंसुद्धा गप्प, चणेवाला हातात पुडी धरून तसाच. माना वर, श्वास धरलेले, सगळे भोंग्याकडे बघताहेत. मग लक्षात आलं. तुझं शेवटचं वाक्य त्याच्यात नव्हतंच. ते त्या दिवशी तुझ्या तोंडातच राहिलं होतं, आणि ते आल्याशिवाय ही माणसं हलणार नव्हती, त्यांना तूच तसं शिकवलंयस.

मी वाट बघितली. उगाच बघितली. तुझी काम अर्धं टाकून जायची सवय मला आयुष्यभर निस्तरायला लागली, फ्यूजपासून.

शेवटी मीच माइक घेतला आणि म्हटलं, "झालं."

तेव्हा कुठे माणसं हलली.